चिकू पिंजऱ्यात का जात नाही?

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. रात्रीचे साडेआठ वाजलेले, पुण्यातला उकाडा, आणि आम्ही घरातले चौघे पंखा बंद करून, खिडक्या लावून, घामाघूम होऊन पडद्याच्या दांडीकडे बघत उभे. दांडीवर बसला होता चिकू, आमचा कॉकटील. (पक्षी विकणारे त्याला ‘कॉकटेल’ म्हणतात. मूळचा ऑस्ट्रेलियातला, डोक्यावर तुरा असलेला, साळुंकीएवढ्या अंगाचा पण लांब शेपटीचा हा पक्षी आहे. आमच्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर त्याचे वजन ९२ ग्रॅम भरते.) खाली पिंजऱ्याचे दार सताड उघडे होते आणि आत त्याच्या आवडीचे राळ्याचे कणीस टांगलेले होते. चिकू मान वाकडी करून एका डोळ्याने कणसाकडे बघे, मग आमच्यापैकी पिंजऱ्याच्या सर्वांत जवळ कोण उभे आहे ते बघे, आणि जागचा हलत नसे.

पंखा बंद ठेवणे आवश्यकच होते. घरात मोकळे उडणारे पक्षी छताच्या पंख्याला आपटून मरतात, उघड्या दारातून निघून जातात, आरशावर धडकतात. स्वयंपाकघरात निर्लेप तवा चुकून फार तापला तर त्याच्या लेपातून निघणारा वायू माणसाला फारसा जाणवतही नाही, पण पक्षी काही मिनिटांत दगावू शकतो. पक्ष्यांच्या श्वसनसंस्थेत फुप्फुसांच्या जोडीला हवेच्या पिशव्या असतात; हवेतून प्राणवायू घेण्यात ही व्यवस्था आपल्यापेक्षा सरस आहे, म्हणूनच विषारी वायूही ती तितक्याच तत्परतेने आत घेते. सांगायचे एवढेच, की रात्री सर्व झोपल्यावर पक्षी बाहेर राहून चालत नाही. तो पिंजऱ्यात जायलाच हवा होता.

सव्वानऊला आमचा धीर सुटला. खुर्चीवर चढून टॉवेल टाकला, चिकूला गुंडाळला, पिंजऱ्यात सोडला आणि दार लावले. दोन मिनिटांत काम झाले. दुसऱ्या दिवशी मात्र तो दांडीवरून कपाटावर आणि कपाटावरून दिव्यावर असा फिरत राहिला. वाळत घातलेला टॉवेल दिसला तरी किंचाळू लागला. त्या आठवड्यात त्याला पिंजऱ्यात घालायला आधी वीस मिनिटे, मग पाऊण तास, मग दीड तास लागू लागला.

शेजारचे काका म्हणाले, “फार लबाड आहे हो!” पक्षी विकणाऱ्याने पंख कापण्याचा सल्ला दिला. आमची आई कोपऱ्यात बसून रोज हा खेळ बघत होती. ती एवढेच म्हणाली, “अरे, तुम्ही त्याला फसवायला बघता आणि तो फसत नाही. यात त्याचा काय दोष?”

आमचे काम प्रयोगशाळेतले, पण रसायनांशी. प्राण्यांच्या वर्तनाशी आमचा संबंध वाचनापुरता. तरीही आईचे वाक्य ऐकल्यावर लक्षात आले, की आठवडाभर आपण एक प्रयोग अत्यंत पद्धतशीरपणे करतो आहोत आणि त्याचे उत्तर चिकू रोज बिनचूक देतो आहे. आपल्याला ते उत्तर आवडत नाही, इतकेच.

मांजर, कुत्रा आणि टॉवेल

या अंकाच्या बहुतेक वाचकांनी डी.एड. किंवा बी.एड.ला थॉर्नडाइकचे मांजर, पॅव्हलॉवचा कुत्रा आणि स्किनरचे कबूतर अभ्यासलेले असेल. परीक्षेनंतर हे तिन्ही प्राणी बहुधा पुस्तकातच राहतात. आमच्या दिवाणखान्यात ते तिघेही हजर होते.

एडवर्ड थॉर्नडाइकने १८९८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रबंधात भुकेल्या मांजरांना पेटीत कोंडले होते. पेटीबाहेर मासा आणि आत दोरी किंवा खटका. मांजर धडपडे, ओरबाडे, आणि कधीतरी चुकून खटका दाबला जाई. पुढच्या खेपांना हा वेळ हळूहळू कमी होत जाई. यावरून त्याने ‘परिणामाचा नियम’ मांडला: ज्या कृतीनंतर समाधान मिळते ती कृती त्या परिस्थितीत पुन्हा होण्याची शक्यता वाढते, आणि जिच्यामागून त्रास येतो तिची शक्यता घटते. आता चिकूच्या बाजूने पाहा. पिंजऱ्यात शिरणे ही एक कृती आहे. तिच्यानंतर काय घडते? कणसाचे चार दाणे मिळतात, खरे. पण दुसऱ्याच क्षणी पाठीमागे खाडकन दार लागते आणि घरभर उडणे, आमच्या खांद्यावर बसणे, आईच्या चष्म्याची काडी कुरतडणे हे सारे बारा तासांसाठी संपते. चार दाण्यांच्या मोबदल्यात एवढे गमवायचे! न जाणे हेच शहाणपणाचे होते.

इथे अनेकांची पहिली चूक होते, ती म्हणजे आमिष वाढवणे. आम्हीही कणसाबरोबर सूर्यफुलाच्या बिया ठेवल्या. चिकू लांबूनच अधिक सावध झाला, कारण पॅव्हलॉवच्या कुत्र्याने शिकलेला धडा त्यालाही येत होता. घंटेनंतर अन्न येते हे कळल्यावर कुत्र्याच्या तोंडाला घंटेनेच पाणी सुटते. आमच्याकडे दाण्याचा डबा खुळखुळवला की चिकू पूर्वी धावत येई, कारण डब्यानंतर दाणे येत. आम्ही चार-पाच दिवस डब्यानंतर पिंजरा आणला. मग खुळखुळाट हा दाण्यांचा संकेत राहिला नाही, दार लागण्याचा झाला. लाडाने मारलेली हाक, ठरावीक शीळ, साडेसात वाजता खिडक्या लावण्याचा आवाज, असे एकेक चांगले संकेत आम्ही आमच्या हातांनी नासवत गेलो. विरजण लागलेल्या दुधासारखे ते पुन्हा दूध होत नाहीत. नवे दूध आणावे लागते. पुढे आम्ही डबा आणि शीळ दोन्ही सोडून दिली, ती याचसाठी.

राहिला टॉवेल. त्याबद्दल थोडे थांबून बोलले पाहिजे. टॉवेल टाकून आम्ही चिकूला काहीतरी शिकवले असे आम्हाला वाटत होते. खरे तर शिकलो आम्ही. दीड तासाची कटकट टॉवेलने दोन मिनिटांत संपली. आमच्या कृतीनंतर आम्हाला समाधान मिळाले. परिणामाच्या नियमाप्रमाणे आमचा टॉवेलकडे जाणारा हात दुसऱ्या दिवशी लवकर उठला, तिसऱ्या दिवशी त्याहून लवकर. त्रास थांबवणारी कृती पक्की होण्याला मानसशास्त्रात ऋण प्रबलन म्हणतात (पुष्कळदा त्याची शिक्षेशी गल्लत होते). पक्ष्याच्या दृष्टीने ती शिक्षा होती आणि आमच्या दृष्टीने प्रबलन. छडी हातात घेणाऱ्यांची सवय मोडणे इतके अवघड का जाते, त्याचे एक कारण इथे सापडते: वर्ग त्या क्षणी खरोखरच शांत होतो. थॉर्नडाइकने स्वतः १९३० नंतरच्या दशकात आपला नियम दुरुस्त केला, आणि समाधान व त्रास यांचे परिणाम सारख्या वजनाचे नसतात, बक्षीस कृती जितके पक्के करते तितकी शिक्षा ती पुसत नाही, असे म्हटले. दुरुस्ती पुस्तकांत क्वचितच येते, मांजर मात्र प्रत्येक पुस्तकात असते.

एक युक्ती पुष्कळजण सुचवतात, तीही आम्ही करून पाहिली. दिवे घालवायचे. दिवसा वावरणाऱ्या पक्ष्यांना अंधारात नीट दिसत नाही, त्यामुळे ते जागीच बसून राहतात आणि अलगद उचलता येतात. युक्ती लागू पडते. पण त्याच रात्री दोन वाजता पिंजऱ्यात एकाएकी फडफडाट झाला आणि सकाळी खाली रक्ताचे थेंब दिसले. कॉकटील हा पक्षी रात्रीच्या अशा भीतीसाठी पाळणाऱ्यांत प्रसिद्ध आहे. नव्याने वाढणाऱ्या पिसाच्या दांड्यात रक्तवाहिनी असते. असे पीस गजावर आपटून मोडले की रक्त येते. अंधारात पकडण्यामुळेच ते घडले असे एका रात्रीवरून सिद्ध होत नाही, पण ती युक्ती आम्ही तेव्हापासून बंद केली. पंखही कापले नाहीत. पंख कापल्याने पक्ष्याचे मन वळत नाही, त्याचा नकार फक्त दिसेनासा होतो. आणि पुढच्या पिसे झडण्याच्या काळात नवी पिसे येतातच.

पकडणाऱ्याचा चेहरा

चिकू पिंजऱ्यापेक्षाही आमच्यापैकी एकाला, टॉवेल टाकणाऱ्याला, जास्त टाळत होता. आमच्या मुलीच्या खांद्यावर तो खुशाल बसे. हा योगायोग म्हणावा का? या प्रश्नाचे उत्तर कावळ्यांवरच्या एका सुंदर प्रयोगात आहे.

अमेरिकेतील सिॲटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठात जॉन मार्झलफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली विद्यापीठाच्या आवारातले सात कावळे पकडले. पकडताना त्यांनी आदिमानवाचा रबरी मुखवटा घातला होता. कावळ्यांना पायांत कडी घालून सोडून दिले. त्यानंतर तो मुखवटा घालून कुणीही आवारातून चालले, मग तो पुरुष असो की स्त्री, उंच असो की बुटका, की कावळे गोळा होऊन त्याच्यावर कलकलाट करीत. दुसरा, कावळे पकडताना न वापरलेला मुखवटा घालून तीच व्यक्ती गेली तर तसे होत नसे. विशेष म्हणजे पुढच्या वर्षांत कलकलाट करणाऱ्यांची संख्या कमी होण्याऐवजी वाढली. ज्यांना कधीच पकडले नव्हते असे कावळे, अगदी नंतर जन्मलेली पिल्लेही, इतरांचे बघून त्या चेहऱ्याला शत्रू मानू लागली. एका सकाळी पकडल्याची आठवण कितीतरी वर्षे टिकली.

एवढ्याशा डोक्यात हे बसते कुठे? विसाव्या शतकाचा बराच काळ असे मानले जाई, की पक्ष्यांच्या मेंदूचा पुढचा भाग बहुतांशी उपजत, यांत्रिक हालचालींसाठीच असतो. जर्मन शास्त्रज्ञ लुडविग एडिंगर यांनी त्या भागांना दिलेली नावेही याच समजुतीवर आधारलेली होती. २००५ च्या सुमारास तज्ज्ञांच्या एका मोठ्या गटाने ती नावे औपचारिकपणे बदलली, कारण त्यातील बराचसा भाग आपल्या मेंदूच्या बाह्यकाशी नाते सांगणारा आहे हे स्पष्ट झाले होते. पुढे २०१६ मध्ये चेतापेशींची प्रत्यक्ष मोजदाद झाली. पोपट आणि गाणारे पक्षी यांच्या अग्रमेंदूत चेतापेशी इतक्या दाटीने असतात, की तेवढ्याच वजनाच्या माकडवर्गीय मेंदूच्या तुलनेत त्या सुमारे दुप्पट भरतात. अक्रोडाएवढा मेंदू असलेल्या मकाव पोपटाच्या अग्रमेंदूत लिंबाएवढा मेंदू असलेल्या मकाक माकडापेक्षा अधिक चेतापेशी निघाल्या. चिकूचा मेंदू अर्थात याहून पुष्कळ लहान आहे. पण ‘पक्ष्याएवढी अक्कल’ हा वाक्प्रचार वर्गात वापरायचे आम्ही सोडून दिले आहे.

हुशार पक्षी आणि माणूस यांच्यात बोलावण्याचा खेळ उलट्या दिशेनेही चालतो, त्याचा एक किस्सा मोठा गोड आहे. ऑस्ट्रियाचे शास्त्रज्ञ कोन्राड लोरेन्झ (१९७३ च्या नोबेल पुरस्काराचे एक मानकरी) यांच्याकडे रोआ नावाचा डोमकावळा होता. ते त्याला ‘रोआ’ अशी हाक मारून बोलवत. मोठा झाल्यावर तो पक्षी काही जागांना भिऊ लागला. लोरेन्झ अशा जागी दिसले, की तो मागून झेप घेत त्यांच्या डोक्यावरून जाई, शेपटी हलवी आणि माणसाच्या आवाजात म्हणे, “रोआ!” म्हणजे ‘चल, इथून निघू’. सोबत चल म्हणायचे असेल तेव्हा हा शब्द म्हणतात, इतके त्याने ओळखले होते. लोरेन्झ यांनी ही शिकवण मुद्दाम दिलेली नव्हती.

दार न लावण्याचे वीस दिवस

तर प्रश्न असा मांडायला हवा होता: पिंजऱ्यात शिरण्याचा परिणाम बदलायचा कसा?

याची किल्ली स्किनरच्या एका आठवणीत आहे. १९४३ साली मिनिॲपोलिस शहरात एका पिठाच्या गिरणीच्या वरच्या मजल्यावर बी. एफ. स्किनर आणि त्यांचे सहकारी युद्धकाळातल्या एका योजनेसाठी कबुतरांना शिकवत होते. मोकळ्या वेळात त्यांनी एका कबुतराला चोचीने लाकडी चेंडू ढकलायला शिकवायचे ठरवले. चेंडूला फटका मारला की दाणा, असे ठरवून ते वाट बघत बसले. कबुतराने काहीच केले नाही. कंटाळून त्यांनी निकष सैल केला: चेंडूकडे नुसते पाहिले तरी दाणा. मग चेंडूच्या जवळ गेले तर दाणा, मग चोच लागली तर दाणा. काही मिनिटांतच कबूतर चेंडू पेटीच्या भिंतींवर आपटवू लागले. पूर्ण कृतीची वाट न बघता तिच्या दिशेने पडणाऱ्या प्रत्येक लहान पावलाला दाद द्यायची, याला वर्तनाला आकार देणे म्हणतात. ऐकायला सोपे वाटते. करताना आपला स्वतःचा उतावळेपणा आड येतो.

आम्ही मुलीच्या एका जुन्या वहीत नोंदी ठेवायचे ठरवले. पहिला नियम तिनेच लिहिला: ‘चिकू आत गेला तरी दार लावायचे नाही.’ मग रात्रीचे काय? तोवर त्याच्यासाठी एक छोटी खोली रिकामी केली, पंख्याचे बटण चिकटपट्टीने बंद केले, आरशावर चादर घातली आणि त्याला तिथेच खिडकीच्या दांडीवर झोपू दिले. प्रत्येकाला हे शक्य नसते, हे मान्य आहे. पण शिकवणीच्या मधेच जबरदस्ती झाली तर सगळे पुन्हा पहिल्यापासून सुरू करावे लागते.

दाणा देण्याची वेळ फार महत्त्वाची ठरली. कृती आणि दाणा यांत दोन-तीन सेकंद गेले, तर तेवढ्यात पक्षी आणखी काहीतरी करतो आणि दाद त्या दुसऱ्याच गोष्टीला मिळते. सात फुटांवरच्या पक्ष्याला तत्क्षणी दाणा देणार कसा? यासाठी आम्ही बॉलपेनच्या ‘टक्’ या आवाजाचा उपयोग केला. आधी दोन दिवस नुसते टक् आणि लगेच दाणा, टक् आणि दाणा. आवाजाला अर्थ आला की तो पावतीसारखा वापरता येतो: ‘हे जे आत्ता केलेस, त्याचा दाणा येतो आहे.’ स्किनर यांनी १९५१ साली एका लेखात घरच्या प्राण्यांना शिकवण्यासाठी असाच आवाज सुचवला होता.

वहीतल्या नोंदी थोडक्यात अशा. तिसऱ्या दिवशी चिकू पिंजऱ्याच्या छपरावर उतरला: टक्, दाणा. चौथ्या दिवशी दाराच्या चौकटीवर. सहाव्या दिवशी आतल्या पहिल्या दांडीवर, मोजून चार सेकंद. दाणा घेतला आणि बाहेर. आम्ही कुणीही हललो नाही. मुलीने वहीत पुढे लिहिले आहे, ‘बाबांचा हात दाराकडे गेला होता, मी पकडला.’ नवव्या दिवसापर्यंत तो दिवसातून पंधरा-वीस वेळा आत-बाहेर करू लागला. मग तो आत खात असताना दाराला नुसता हात लावायचा, टक्, दाणा. दार बोटभर हलवायचे, टक्, दाणा. बाराव्या दिवशी दार पूर्ण लावले आणि एका सेकंदात उघडले. त्याने मान वर करून पाहिले आणि पुन्हा खाऊ लागला.

उपाशी मात्र ठेवले नाही. संध्याकाळच्या खाण्याआधी दीड तास वाटी काढून घेत होतो, एवढेच, आणि रोज वजन करीत होतो. ९२ ग्रॅमच्या जिवाचे पाच-सात ग्रॅम कमी होणे ही गंमत नाही.

तेराव्या दिवशी पाहुणे आले. त्यांतल्या एका उत्साही मुलाने चिकू आत दिसताच धावत जाऊन दार धाडकन लावले आणि “पकडला, पकडला!” म्हणून टाळ्या पिटल्या. मुलाला काय बोलणार? आमच्याच घरात दोन आठवड्यांपूर्वी तेच चालले होते. चौदाव्या दिवशी चिकू छपरावरसुद्धा उतरायला तयार नव्हता.

इथे पॅव्हलॉवचे आणखी एक निरीक्षण उपयोगी पडले. घंटेनंतर अन्न देणे बंद केले, की कुत्र्याची लाळ हळूहळू थांबते. याला विलोपन म्हणतात. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा घंटा वाजवली, की थोडी लाळ पुन्हा येते. म्हणजे जुने शिकणे पुसले गेलेले नसते, नव्याखाली दबलेले असते, आणि निमित्त मिळताच वर येते. भीतीचेही तसेच. हे ठाऊक नसले, तर चौदाव्या दिवशी माणूस म्हणतो, ‘सगळे फुकट गेले’, आणि टॉवेल शोधतो. ठाऊक असले, तर तो पुन्हा छपरापासून सुरुवात करतो. छपरापासून पहिल्या दांडीपर्यंत यायला पहिल्या वेळी तीन दिवस लागले होते; या वेळी दोन पुरले. विसाव्या रात्री दार लावून चिकू आपल्या पिंजऱ्यात झोपला.

एक गोष्ट त्यानंतर आजही पाळतो. दिवसभरात तो आत जातो त्यांतल्या दहापैकी निदान आठ-नऊ वेळा दार उघडेच राहते. दार लागणे हा आत जाण्याचा नेहमीचा परिणाम न होता क्वचितचा झाला, की आत जाणे टाळण्याचे कारण उरत नाही. आणि रात्री दार लागल्यानंतरही लगेच दिवा न घालवता आम्ही दहा मिनिटे तिथेच बसतो. रानातले कॉकटील थव्याने राहतात. सोबती दिसेनासे झाले की शीळ घालून त्यांना शोधतात. दार लावून सर्वांनी पाठ फिरवणे म्हणजे थवा उडून जाणे. उलट, तो बाहेर असताना आम्ही खोलीतून निघालो तर तो पाठोपाठ येतो. त्याच्याभोवती चौघांनी उभे राहून विनवण्या करणे हे अगदी उलटे होते: न येण्याबद्दल त्याला सारा थवा भोवती मिळत होता! उंच जागी बसून तो आमच्यावर वरचढपणा दाखवतो असेही काहीजण सांगतात. तसे मानायला आधार नाही. पक्ष्याला उंचावरून धोका लवकर दिसतो आणि उडणे सोपे जाते, म्हणून तो उंच बसतो.

पिंजरा हा पक्ष्याला नेहमी तुरुंगच वाटेल असेही नाही. आयरीन पेपरबर्ग यांनी १९७७ साली दुकानातून आणलेला ॲलेक्स नावाचा आफ्रिकी करडा पोपट रंग, आकार, पदार्थ आणि लहान संख्या यांची नावे इंग्रजीत सांगे. तीस वर्षे, २००७ मध्ये मरेपर्यंत, त्याच्यावर प्रयोग चालले. प्रश्नोत्तरांचा कंटाळा आला की तो स्वतःच, मला परत जायचे आहे, अशा अर्थाचे शब्द उच्चारी. परत म्हणजे पिंजऱ्यात. तिथे त्याला कुणी प्रश्न विचारत नसे.

वर्गासाठी

हे वाचून कुणी शाळेत पक्षी पाळावा असे आम्ही सुचवणार नाही. आपला नेहमीचा हिरवा पोपट, मुनिया, मैना यांसारखे देशी रानपक्षी पकडणे, विकणे आणि पाळणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, हे मुलांना जरूर सांगावे; पुष्कळ घरांत ते माहीत नसते. पण तसा पोपट एखाद्या मुलाच्या घरी असेल, तर त्याला वर्गात लाजवू नये, आणि ‘आजच सोडून दे’ असेही सांगू नये. वर्षानुवर्षे पिंजऱ्यात राहिलेला पक्षी बाहेर एक दिवसही तग धरेल याची खात्री नसते. वनखात्याशी बोलणे हा मार्ग आहे.

पिंजऱ्याशिवाय हाच प्रयोग करता येतो, आणि त्याला लागणारा प्राणी प्रत्येक शाळेच्या आवारात मधल्या सुट्टीत हजर असतो. कावळा. दोन मुले निवडावीत. एकाने रोज ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी पोळीचे चार तुकडे टाकून दोन पावले मागे सरकून स्थिर उभे राहावे. दुसऱ्याने दुसऱ्या कोपऱ्यात तसेच तुकडे टाकावेत, पण कावळा उतरला की प्रत्येक वेळी त्याच्या दिशेने एक पाऊल टाकावे. दगड नाही, ओरडणे नाही, नुसते एक पाऊल. कावळा मुलापासून किती अंतरावर उतरतो ते इतरांनी पावलांत अंदाजे मोजून तक्त्यात लिहावे. दोन आठवड्यांनी दोन्ही मुलांच्या अंतरांचा आलेख काढावा. मग दोघांनी जागा बदलाव्यात: कावळे जागा ओळखतात की मुलगा? गणवेश सारखा असल्यामुळे प्रश्न अधिकच चांगला होतो. आलेख कसा येईल ते आम्ही आधी सांगत नाही. पाऊल न टाकता स्थिर उभे राहणे कोणत्या मुलाला जमते, हे मात्र शिक्षकांना पहिल्या दिवशीच कळेल.

चिकू हल्ली साडेसातच्या सुमारास आपण होऊन आत जातो. महिन्यातून एखाद्या दिवशी जात नाही. बहुधा त्या दिवशी घरात गडबड झालेली असते, किंवा आमच्यापैकी कुणीतरी घाई केलेली असते. तेव्हा आम्ही खोलीतून बाहेर पडतो आणि जेवायला बसतो. परवा राळ्याची कणसे संपली होती. चिकू आत गेला, टांगायची जागा रिकामी पाहिली, परत येऊन दारातल्या चौकटीवर बसला आणि तिथून हलेना. आईने आमच्याकडे पाहिले. मुलीने चपला घातल्या आणि कोपऱ्यावरच्या दुकानात गेली.